रक्तातली आग आणि तांब्याभर पेज

एखादी लठ्ठ बाई खोकताना, शिंकताना किंवा हसताना बेंबीवर हात दाबून धरत असेल, तर तिला हसू नका. जवळ बसवा आणि काय होतंय ते विचारा. मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही, कारण माझ्यासारखीच्या अंगावर आणखी एक गोळा आला तर त्यात नवल ते काय, असं मलाच वाटत होतं. त्या गोळ्यापायी वर्ष-दीड वर्ष मी आणि माझं घर जीव मुठीत धरून जगलो. डॉक्टरी ज्ञान मी इथे पाजळणार नाही, तेवढं ते माझ्याकडे नाहीच. काय घडलं, कशाची भीती वाटली आणि आम्ही सगळे मिळून कुठे शहाण्यासारखे चुकलो, एवढंच सांगते.

बालाघाटला मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवत असे, हिंदीतून. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि भांडताना दोन्ही. मुली पाठीमागे मला 'पृथ्वी मैडम' म्हणत. याचा मला राग येत नसे असं मी सगळ्यांना सांगत असे. यायचा. पण पोरींचं निरीक्षण चुकीचं नव्हतं, हेही खरं. स्टाफरूममधली हातांची खुर्ची मी केव्हाच सोडली होती आणि बाकावर बसत होते.

शिंक

सकाळच्या प्रार्थनेला मला शिंक आली आणि बेंबीपाशी कुणी आतून चिमटा घेतल्यासारखी कळ गेली. हात लावला तर नेहमीचा मऊ गोळा दगडासारखा झालेला. मला दरदरून घाम फुटला. स्टाफरूमच्या बाकावर आडवी झाले, पाय वर घेतले, आणि थोड्या वेळाने तो गोळा गुडगुड आवाज करत आपोआप आत गेला. मी उठून सातवीच्या वर्गावर गेले. शिक्षकाची जात, दुसरं काय.

संध्याकाळी मात्र नवऱ्याला सांगितलं. हे कोर्टात बाबू होते. दिवसभर लोकांच्या तारखा पुढे ढकलणारा माणूस, घरातलंही सगळं पुढच्या तारखेवर टाकायची सवय. पण त्या दिवशी माझा चेहरा पाहून लगेच चपला घातल्या.

गावातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. म्हणाले, हा हर्निया आहे. पोटाच्या भिंतीला भोक पडलंय आणि त्यातून आतडं बाहेर डोकावतंय. आज आत गेलं. उद्या अडकलं तर काही तासांत आतडं सडायला लागतं. मग मी वजनकाट्यावर उभी राहिले. काटा शेवटच्या आकड्यावर जाऊन आदळला आणि तिथेच थरथरत राहिला. डॉक्टर हिंदी बोलणारे होते, सज्जन होते. खाली वाकून पाहत म्हणाले, "बहनजी, इससे आगे मेरे काँटे में जगह नहीं है।" ते टोचून बोलले नव्हते, पण मला त्या वेळी जमीन दुभंगावी असं वाटलं.

ऑपरेशन लागणारच होतं, पण इथे नाही. एवढ्या वजनाला भूल द्यायची जोखीम ते घेणार नव्हते. नागपूरला जा, म्हणाले, आणि लवकर जा.

नागपूरचा कागद

नागपूरचे सर्जन मूळचे साताऱ्याकडचे, तिरसट म्हणून प्रसिद्ध. मला ते आवडले, कारण त्यांनी 'थोडं वजन जास्त आहे' असलं गुळमुळीत काही म्हटलं नाही. सरळ म्हणाले, "तुमचं वजन हाच तुमचा आजार आहे. हर्निया त्याचं पोर आहे."

मग रक्त तपासलं. त्यात सीआरपी नावाची एक तपासणी होती. तिचा आकडा असायला हवा त्याच्या कितीतरी पट निघाला. सर्जननी तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि आम्हाला समजावलं. शरीरात कुठे आग लागली, म्हणजे जंतू शिरले, जखम झाली, काही सडलं, की हा आकडा वर चढतो. तो धूर दाखवतो, आग कुठे आहे ते सांगत नाही. हर्नियाचं भोक बुजवायला ते आत एक जाळी बसवणार होते. अंगात कुठे जंतू लपलेले असले आणि ते त्या जाळीवर जाऊन बसले, तर जाळी, पोट आणि मी, तिन्ही हातची जातील. तेव्हा आधी आग शोधायची, मग ऑपरेशन.

पुढचे दिवस आग शोधण्यात गेले. छातीचा फोटो, लघवी, दात, गर्भाशय. क्षयाची शंका घेतली, तीही तपासली. दर तपासणीला मी देवाला म्हणायची, सापडू दे बाबा एकदाचं काहीतरी. दुसऱ्या क्षणी म्हणायची, नको, काही सापडू देऊ नकोस. काहीच सापडलं नाही. आणि काही सापडत नाही म्हटल्यावर मनात जो शब्द येतो तोच आमच्या दोघांच्या मनात आला. तो मी उच्चारला नाही, यांनीही नाही. परतीच्या बसमध्ये भंडारा जाईपर्यंत हे खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम म्हणाले, शेंगदाणे घेऊ का. मी हो म्हटलं आणि दोघांनीही ते खाल्ले नाहीत.

निघताना सर्जननी एक शक्यता सांगितली होती. चरबी ही नुसती पडून राहणारी वस्तू नाही, ती रक्तात सारखं काहीबाही सोडत असते, आणि ती फार झाली की तीच ही आग लावते असं आता दिसू लागलंय. तसं असेल तर वजन उतरल्यावर आकडाही उतरेल. न उतरला तर आपल्याला दुसरं काहीतरी शोधावं लागेल. त्या 'दुसरं काहीतरी'वर त्यांनी आवाज जरा खाली आणला, ते मला ऐकू आलं.

तोवर काय करायचं? पोटाला पट्टा बांधायचा, जड उचलायचं नाही, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, खोकला आला तर लगेच औषध घ्यायचं. गोळा कडक झाला, दुखला, उलटी झाली, की एक मिनिट न घालवता दवाखाना. तो कुणालाही दाबू द्यायचा नाही. ही यादी मी आजही झोपेत म्हणून दाखवीन.

पोत्यांचा काटा

दर महिन्याला वजन करायचं होतं आणि मला पेलणारा काटा बालाघाटात मला माहीत नव्हता. तो निघाला वारासिवनीला. माझा मोठा भाऊ तिथल्या एका राइस मिलमध्ये मुनीम होता. धानाची पोती जिथे तोलतात तो लोखंडी काटा.

पहिल्यांदा गेले तेव्हा मिलच्या दारातूनच परत फिरत होते. पोत्यासारखं वजन करून घ्यायचं, तेही हमालांसमोर. दादाने सगळ्यांना चहाला पिटाळलं. जुना एक म्हातारा हमाल राहिला, तो भिंतीकडे तोंड करून बिडी ओढत बसला आणि माझं होईपर्यंत मागे वळला नाही. या उपकाराची फेड कशी करायची ते मला अजून कळलेलं नाही.

वजन सव्वाशेच्या बरंच पुढे होतं. दादाने आकडा मोठ्याने वाचला नाही, मला बोटाने दाखवला.

मी हट्टाला पेटले. दोन वेळा दोन-दोन फुलके, वाटीभर भाजी, बिनतेलाचं वरण. साखर बंद, तळलेलं बंद. भाताला हात लावायचा नाही, आणि आमच्याकडे भात सोडणं म्हणजे जवळजवळ धर्म सोडणं. चिन्नोर तांदळाचा वास घरभर सुटलेला असताना मी कोरडा फुलका चावत बसायची. भूक अशी लागायची की वर्गात नकाशावर गंगेचं मैदान दाखवताना मला तिथली भातशेती दिसायची. सासूबाईंचा जीव तुटायचा. त्या कटंगीकडच्या शेतकरी घरातल्या, खाऊ घालणं हीच त्यांची भाषा. पण सर्जनचं नाव घेतल्यावर त्यांनी मला एकदाही भाताचा आग्रह केला नाही.

महिना गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. काटा तिथेच. उलट एकदा किंचित पुढे. दादा म्हणाला काट्यात खोट असेल, एक पोतं ठेवून पाहू. पोतं बरोबर भरलं. खोट माझ्यातच होती.

सकाळपासून काही नाही

तीन महिन्यांनी नागपूरला गेलो. सीआरपी पहिल्यापेक्षाही जास्त. सर्जननी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि काय काय खाता ते विचारलं. मी सांगितलं. यांनी मान हलवून साक्ष दिली. कोर्टातला माणूस, खोटी साक्ष देणार नाही. इतकं कमी खाऊन वजन उतरत नाही आणि आकडा चढतोय, मग आत नक्की काहीतरी आहे, असं सर्जननी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी दुर्बिणीची नळी घालून पोट आतून बघायचं होतं. त्यातून काही निघालं नाही तर पुढे मोठी तपासणी. मला दाखल करून घेतलं.

तो संध्याकाळचा वॉर्ड मला अजून आठवतो. फिनेलचा वास आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईचं बारीक कण्हणं. सासूबाई हट्टाने आमच्यासोबत आल्या होत्या, ओळखीच्यांकडे उतरल्या होत्या. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की कॅन्सरच आहे. यांना कोणत्या पेटीत काय ठेवलंय ते सांगायला लागले तर हे उठून बाहेर गेले. मला राग आला. मरायला मी निघाले आणि पळायचं यांनी.

सकाळी नर्स आली, तपासणीच्या खोलीत नेलं. सर्जन हात धूत होते. नर्सने विचारलं, सकाळपासून पोटात काही गेलंय का? मी म्हटलं, "काही नाही. नुसती पेज प्यायले."

सर्जननी नळ बंद केला.

"काय प्यायलात?"

"पेज. तांदळाची. सासूबाईंनी डब्यातून आणली होती. ती काय पाण्यासारखीच असते."

"रोज पिता?"

"म्हणजे काय? पेज तर पितातच."

किती, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. सकाळी उठल्यावर तांब्याभर. शाळेतून आले की तांब्याभर. गोळ्या घ्यायच्या त्या पेजेबरोबर. भूक असह्य झाली की पुन्हा, कारण पोटाला आधार हवा आणि जेवायचं तर नव्हतं. मऊ शिजलेले तांदूळ तळाशी असतात तेही, टाकायचे थोडेच. आजारी माणूस पेजेवरच तर असतो. आमच्या भागात बाळंतिणीला पेज, तापकऱ्याला पेज, उन्हातून आलेल्याला पेज. उपाशी आहे असं आम्ही ज्याला म्हणतो त्याच्याही पोटात पेज असते. जेवणात तिला कुणी धरत नाही. म्हणून सर्जननी विचारूनही मी सांगितली नव्हती, आणि यांनी साक्ष दिली तीही अगदी प्रामाणिक होती.

मी भात सोडला होता आणि दिवसभर भात पीत होते.

नर्सला हसू आवरेना. सर्जन हसले नाहीत. ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, आज नळी घालता येणार नाही, पोट भरलेलं आहे. आणि कदाचित घालायची गरजही नाही. तीन महिने द्या. पेज बंद. त्यानंतर हाच आकडा पुन्हा पाहू. हर्निया तोवर थांबतो का, एवढीच मला धास्ती आहे.

सासूबाई

घरी येऊन मी तोंड सोडलं. नव्हतं सोडायला पाहिजे, पण तीन महिन्यांची भूक आणि एका संध्याकाळचं मरण दोन्ही माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, तुमच्या पेजेनं मला मारलं असतं.

सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्या वळल्याच नाहीत. "मी तुले जहर देऊन राह्यली होती का, शोभा?" एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात येईनाशा झाल्या. घरात दोन बायका आणि बोलणं नाही, हे ज्याने सोसलंय त्यालाच कळेल. हे मधल्यामध्ये पिचले. दोघींचं ऐकायचं, कुणालाच काही बोलायचं नाही, आणि कोर्टातून उशिरा यायचं. माझी चिडचिड सगळ्यात जास्त यांच्यावर निघायची, कारण हे हाताशी होते.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की सकाळचं पातेलं चुलीवर चढतच नाही. मला वाटलं रुसवा अजून गेला नाही. मी म्हटलं, आई, तुम्ही तर प्या, तुम्हाला कुणी मना केलं. जन्मापासून त्यांची सकाळ पेजेने उजाडलेली. त्या म्हणाल्या, "मी पेतो अन् तू पाह्यतं, हे मले नाई जमत." आणि उठून पडवीत गेल्या. मी पुस्तक डोळ्यांपुढे धरून रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन माझ्यासाठी दुधीची भाजी चिरायला घेतली, आणि तिथून आमचं पुन्हा सुरू झालं.

उतरण

पेज बंद झाल्यावर पहिले दिवस डोकं दुखायचं, हात कापायचे. मग वजन हललं. आधी बेतानं, मग बरंच. दादा आता बोटाने न दाखवता आकडा मोठ्याने वाचू लागला. मी वैनगंगेच्या बाजूने संध्याकाळी चालायला लागले, पट्टा बांधून, गोगलगायीच्या चालीने.

लोकांचं मात्र भलतंच. बारीक व्हायला लागल्यावर गावात कुजबुज सुरू झाली की हिला काहीतरी मोठं झालंय, घरचे लपवतात. एक बाई तर घरी येऊन सासूबाईंचं सांत्वन करून गेली. लठ्ठ होते तेव्हा सगळे हसत होते, आता हळहळायला लागले. दोन्ही वेळी माझं कुणी ऐकलं नाही.

तीन महिन्यांनंतरचा सीआरपी निम्म्याच्या खाली आला. सर्जननी कागद पाहिला आणि त्या तिरसट माणसाने टेबलावर थाप मारली. जंतू असते तर ते पेज सोडल्याने थोडेच गेले असते, म्हणाले. आग चरबीचीच होती. म्हणजे कॅन्सरचं भूत गेलं. पण आकडा अजून चांगल्यात नव्हता, वजनही नाही. आणखी काही महिने असंच उतरवा, मग ऑपरेशन सोपं जाईल, असं ठरलं.

त्यांच्या ठरवण्याला माझ्या आतड्याने काडीची किंमत दिली नाही.

मिलमध्ये

त्या महिन्यात वजन करायला वारासिवनीला गेले होते. काट्यावर चढायला एक पाय उचलला आणि तीच कळ आली. पण या वेळी ती थांबली नाही. गोळा कडक, हात लावू देईना. मी पोत्यांवर आडवी झाले, पाय वर घेतले. आत जाईना. मग पहिली उलटी झाली.

दादा घाबरून गेला. कुणीतरी म्हणालं, गावात एक बाई आहे, तेल लावून पोट चोळून बसवते, तिला आणू. दादाही हो म्हणून बसला. मी त्याचा हात धरला आणि सांगितलं, "दादा, कोणाले हात लावू देशील तं मी इथंच मरीन. मले बालाघाटले ने."

मिलमालकाच्या जीपमध्ये मला मागच्या बाजूला आडवं घातलं. रस्त्याचा प्रत्येक खड्डा पोटातून जात होता. मी डॉक्टरांचे शब्द आठवत होते, काही तासांत सडतं. किती वेळ झाला ते मला समजेना आणि कुणाला विचारायची हिंमत होईना. दादा समोरच्या सीटवरून मागे वाकून माझ्या पायाचा अंगठा धरून बसला होता. लहानपणी नदीत उतरताना मी त्याचं बोट धरायची. आता तो माझं धरून होता.

बालाघाट जवळ आल्यावर पोटात गुडगुडलं आणि कळ एकदम ओसरली. गोळा आपला आपण आत गेला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नशीब. आणि म्हणाले, हे नशीब पुन्हा मागू नका.

तारीख

दोन दिवसांनी आम्ही नागपूरला सर्जनसमोर होतो. त्यांनी काही लपवलं नाही. आत्ता ऑपरेशन केलं तर आकडा अजून पुरता खाली नाही, जाळी खराब व्हायची भीती आहे, वजनामुळे भुलेची भीती आहे. थांबलो तर ती भीती कमी होईल, पण मध्येच आतडं अडकलं तर घाईत, कुठेही, कसंही कापावं लागेल. सहा महिन्यांपूर्वी मी तुम्हाला हातही लावला नसता, म्हणाले. आज लावीन. ठरवा तुम्ही.

बाहेरच्या बाकावर आम्ही भांडलो. हे म्हणाले थांबू, अजून उतरव, इतकं जमवलं तर तेवढंही जमेल. मी म्हटलं, ती जीप तुम्ही पाहिली नाही, मी पाहिली. यांचा आवाज चढला. सगळ्या लोकांसमोर म्हणाले, "तुले मराची एवढी घाई काहून हाये?"

इतक्या वर्षांच्या संसारात मला यांचं एवढं कुठलंच वाक्य लागलं नव्हतं. मी उठले, एकटी आत गेले आणि सर्जनना सांगितलं, करा. नंतर हेही आले, सही केली. माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणारीचा जीव टांगणीला राहणार नाही. ऑपरेशन निभावलं. जखमेच्या एका कोपऱ्यातून बरेच दिवस पाणी येत होतं, त्या दिवसांत आम्ही पुन्हा घाबरलो, पण जाळी टिकली. आज मी बारीक म्हणावी अशी नाही, पण गुडघे दुखत नाहीत, जिना चढून बोलता येतं, आणि तो आकडा जवळजवळ चारचौघींसारखा झालाय. मध्ये एका लग्नसराईत वजन पुन्हा चढलं तर आकडाही लगेच चढला. तो चुगलखोर आहे. माझ्या बहिणींनो, तुमचे डॉक्टर काय खाता विचारतील तेव्हा ताटातलं सांगालच. पेल्यातलंही सांगा. जे तुमच्या घरी जेवणच नसतं ते आधी सांगा.

आणि वजनाची लाज वाटून दवाखाना टाळू नका. काट्यात जागा नसेल तर दुसरा काटा असतो.

ट्रॉलीवर

ऑपरेशनच्या सकाळी पोटात खरंच काही नव्हतं. नर्सने तीनदा विचारून घेतलं. मला ट्रॉलीवर घ्यायला चार माणसं लागली, आणि त्यातला एकही हसला नाही. हे बाजूने चालत होते. आम्ही दोन दिवस कामापुरतंच बोललो होतो. मला खूप वाटत होतं की यांनी काहीतरी बोलावं. दारापाशी ट्रॉली थांबली. हे म्हणाले, मंगळसूत्र दे, आत चालत नाही म्हणतात. मी काढून दिलं. हातात देताना मला भयंकर वाटलं, आणि यांनी ते न बघताच खिशात टाकलं. मग दार लोटलं गेलं.

वरचा दिवा, तोंडावर आलेला मुखवटा, कुणीतरी म्हणालं लंबी साँस लो. मला भीती वाटत होती. शूर वगैरे मी अजिबात नव्हते. शेवटचा विचार आला तो असा की, यांना जेवणाचं विचारायचं राहून गेलं.

जाग आली तेव्हा घसा कोरडा होता आणि पोटावर कुणी दगड ठेवलाय असं दुखत होतं. डावीकडे हे होते. दाढी वाढलेली, शर्टाची गुंडी चुकीच्या काजात. मी विचारलं, जेवलात का? आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. यांना समजलं. मान हलवून नाही म्हणाले. मग खाली वाकले, आणि ज्या माणसाने मला आयुष्यात कधी गोड शब्द ऐकवला नाही तो माझ्या कानाशी म्हणाला, "तू नसती उठली तं मी घरी गेलोच नसतो, शोभा. मले त्या घरात जाताच आलं नसतं."

आणि माझा हात असा घट्ट धरला की सलाइनची सुई सरकली. नर्स धावत आली, रागावली, भाईसाब हाथ छोड़िए म्हणाली. यांनी सोडला नाही. दुखत होतं. मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे.